पाणचक्कीतला रिकामा पट्टा

"यंदा नाटकाला येऊ नकोस," लाइल म्हणाला. "सगळे तुझ्याकडेच बघतात."

"म्हणूनच येणार," वेस्टा म्हणाली.

दर वर्षी सुट्टीत, संस्थापक-दिनी, पाणचक्कीत तेच नाटक व्हायचं. जोसाया वेंडेल रानात आला, ओढ्यावर चक्की उभारली, गाव वसवलं. मग सुगीत त्याचा चक्कीवाला क्रॅब्ट्री दारू पिऊन झोपला. धान्य संपलं, दगड कोरडा फिरत राहिला, तापून फुटला. दळण घेऊन आलेली दोन लहान भावंडं जिवानिशी गेली. हा क्रॅब्ट्री वेस्टाच्या आजोबांचा आजा. नाटकाच्या दिवशी आजोबा घराबाहेर पडत नसत.

आदल्या दिवशी मुलं चक्की झाडायला गेली. त्यांच्यातली धाकटी जूनी धान्य ओतायच्या पेटीत उतरली आणि तिथूनच ओरडली, "इथे पट्टा आहे! टोकाला नुसता लोखंडी आकडा."

लाइलच्या मामाची दुसऱ्या गावी चक्की होती, म्हणून लाइलला ठाऊक होतं. पट्टा दाण्यांखाली दबलेला असतो. दाणे सरले की तो सुटतो, आणि टोकाची घंटा फिरत्या दगडावर टेकून खणखणते.

"मग घंटा गेली कुठे?" जूनीने विचारलं.

वेस्टाने चर्चकडे बोट दाखवलं. चर्चमधली छोटी घंटा वेंडेलनेच दिली होती, पहिल्या ईस्टरला. गाव ते अभिमानाने सांगायचं. दगड फुटला तो त्याच वर्षीच्या सुगीत.

मुलांनी हे सांगितलं तेव्हा नाटक समितीच्या हॅल्सीबाई हसल्या. थोर माणसाचं नाव खराब करू नका, झाडू मारा, म्हणाल्या. मुलं चर्चच्या पास्टरांकडे गेली. त्यांनी घंटेवरची आकड्यात अडकवायची कडी निरखली, आणि घंटा काढून दिली. मुलांनी ती पट्ट्याला लावली.

नाटकात चक्की खरोखर चालवत. हॅल्सीबाईंचे यजमान क्रॅब्ट्री झाले होते. बाटली उशाला घेऊन ते घोरू लागले. लोक हसले. पेटीतले दाणे सरले आणि घंटा वाजली.

दर रविवारचा तो आवाज सगळ्यांनी ओळखला. क्रॅब्ट्री झालेले हॅल्सी तर दचकून उठूनच बसले. मग कोणी हसलं नाही. पास्टरांनी उभं राहून ईस्टर आणि सुगीचा हिशेब सांगितला: ईस्टरला घंटा चर्चमध्ये आली, म्हणजे सुगीत चक्कीवाल्याला उठवायला ती चक्कीत नव्हतीच. हॅल्सीबाईंनी स्वतः जाऊन पाणी बंद केलं.

वेस्टा पळत जाऊन आजोबांना घेऊन आली.

"वाजव," ते म्हणाले.

तिने वाजवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"प्यायचा तो, हे खरं," ते म्हणाले. "पण या आवाजाला उठला असता. शाब्बास, पोरी."

मग टोपी काढून ते त्या दोन भावंडांच्या लहान थडग्यांकडे गेले.