उंबरठ्यावरचं लाकूड

डोक्यावर पावांची फळी, पाय घोट्यापर्यंत चिखलात — अशी मी गावभट्टीच्या उतारावर रुतून उभी होते, तेव्हा वरच्या आळीतला कानिओ समोर आला. पाऊस त्याच्या टोपीवरून ओघळत होता.

“आधी काय वाचवू? पाव, की तू?”

“पाव,” मी म्हटलं. “मी शिळी होत नाही.”

त्यानं फळी घेतली, आणि मी चिखलातून निघेपर्यंत एका पावाचा कोपरा खाऊनही टाकला. मग दर भट्टीच्या दिवशी तो उतारावर असायचाच. मीही रुतायची... कधी खरंच, कधी मुद्दाम.

त्या वर्षी लुकानियात, इटलीच्या आमच्या दक्षिण टोकाला, पाऊस थांबायचं नाव घेईना. आमचे डोंगर चिकणमातीचे. भिजले की चालू लागतात. खोऱ्यात हिवताप, म्हणून वाडवडिलांनी उंचावर घरं बांधली, आणि आता गावच खोऱ्याकडे निघालं होतं. द्राक्षाचे मळे गेले, त्यामागून खालची आळी गेली. उरलेली माणसं दूर उत्तरेतल्या तुरीनच्या कारखान्यांची वाट धरू लागली. बाबा मात्र हलेनात. तुझी आई ह्याच घरातून गेली, मीही इथूनच जाणार, म्हणायचे.

एका सकाळी आमच्या दारात ओकचं जाडजूड लाकूड पडलेलं दिसलं. आमच्याकडे मुलगा तोंडानं मागणी घालत नाही; लाकूड ठेवून जातो. घरच्यांनी आत घेतलं तर होकार, उतारावर ढकललं तर नकार. मी दाराआड श्वास रोखून उभी. बाबांनी लाकूड निरखलं, उचलून पाहिलं... आणि उंबरठ्यावर, कललेल्या चौकटीखाली टेकू म्हणून ठोकून बसवलं. टेकू पाठवला, पालिकेला अखेर आमची आठवण झाली म्हणायची, असं पुटपुटत आत गेले.

ना आत, ना बाहेर. अर्धं गाव म्हणालं होकार, अर्धं म्हणालं नकार. शेजारची ग्रात्सिएलामावशी म्हणाली, लग्नाआधीच सासऱ्याचं घर सावरणारा जावई तिनं पहिल्यांदाच पाहिला.

आठवडाभर वाट पाहून कानिओ दारात आला. हातात पुठ्ठ्याची पेटी.

“नुंत्सिओकाका, नाही म्हणायचं असेल तर ढकलून द्या ते. मी तुरीनला निघालोय... मोकळ्या मनानं जाईन.”

“काढलं तर घर पडेल,” बाबा म्हणाले, आणि पाठ फिरवली.

कानिओ माझ्याकडे बघत राहिला. मी बाबांच्या पाठीकडे. मग तो टोपी ओढून उतरून गेला.

मी चुलीवर घेवड्याचं भांडं ठेवलं. पाणी सांडलं. बाबा विस्तव सारू लागले.

“ठाऊक होतं मला, कुणाचं लाकूड ते,” ते म्हणाले. “पालिका कधी काही पाठवते होय?”

मी सांडलेलं पाणी पुसत राहिले.

“आत घेतलं असतं, तर तू गेली असतीस. ढकलायला... हात उचलेना, पोरी.”

खालच्या वळणावर बसचा भोंगा वाजला.

“गिरणीपाशी थांबते ती,” बाबा म्हणाले. “पायवाटेनं गाठशील. सांग त्याला — लाकूड घरात घेतलंय.”

“आणि तुम्ही?”

“मी घेवडा बघतो. करपायला नको.”

मी दार ओढून घेऊ लागले. ते चौकटीत बसेना, बरेच दिवस बसत नव्हतं. तसंच उघडं टाकून मी पावसात उतरले.