सकाळची तबस्सुम

"गाडी थांबवा," तबस्सुम म्हणाली, आणि गाडी थांबायच्या आत दारापाशी येऊन उभी राहिली.

सौदीतल्या जुबैलच्या त्या रुंद, सरळसोट रस्त्याच्या कडेला हॉस्पिटलची स्टाफ बस थांबली. नुकतंच उजाडत होतं. समुद्राकडचा दमटपणा काचांवर साचला होता, दूर कारखान्यांच्या धुराड्यांवर ज्योती जळत होत्या, आणि राजापूरच्या परकारांची तबस्सुम... हॉस्पिटलच्या लॅबमधल्या बायोकेमिस्ट्री विभागाची इनचार्ज, वय एकोणपन्नास... एका हाताने अबाया सावरत वाळूत वाकून ओकत होती. पोटात काही नव्हतंच. नुसतं कडू पाणी.

मान वर केली तेव्हा कुणीतरी तिच्याकडे पाठ करून उभं होतं. उंच, कानशिलं पांढरी झालेला माणूस. आपलं जाकीट दोन्ही हातांनी पसरून त्याने बसच्या खिडक्यांसमोर धरलं होतं.

"ये क्या है?" तिने विचारलं.

"आडोसा," तो सरळ मराठीत म्हणाला. "बसच्या यादीत परकार आडनाव वाचलं होतं, म्हणून म्हटलं आपल्याकडच्याच असणार."

"मघाशी दोघं-तिघं बघत होते. तुमच्या आडोशाने आता अख्खी बस बघतेय."

त्याने खिडक्यांकडे नजर टाकली. सगळ्या काचा हाताने पुसल्या जात होत्या. "खरं आहे," तो म्हणाला, "पण आता खाली घेतलं तर वाटेल, काहीतरी संपलं. मग जास्तच बघतील."

दुसरी कुणी असती तर हसली असती. तबस्सुमला राग आला.

हल्ली तिला सगळ्याचाच राग यायचा, पण सकाळचा राग वेगळा होता. गजर व्हायच्या आधीच डोळे उघडायचे. छाती धडधडत असायची, जणू दाराबाहेर कुणी वाईट बातमी घेऊन उभं आहे. मग पोटातून मळमळ वर चढायची. दुपारपर्यंत सगळं ओसरायचं आणि ती पुन्हा शहाणीसुरती बाई व्हायची. याचं कारण तिला ठाऊक होतं. पहाटे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सगळ्यांचंच वाढतं. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन खालीवर होऊ लागलं की काहीजणींच्या शरीराला ते वाढणं झेपत नाही, आणि पोट त्याची शिक्षा भोगतं. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या, धीर धरा. कारण माहीत असल्याने मळमळ कमी होत नाही, याचा तिला सगळ्यात जास्त राग होता. त्याखालोखाल राग आईचा. आई त्या वयात रोज सकाळी न्हाणीघरात जाऊन बसायची आणि विचारलं की म्हणायची, पित्त झालंय. मुलींना खरं सांगून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि धीर धरायला सवड नव्हती. लॅबचे प्रमुख डॉक्टर वहाब, हैदराबादचे, गोड बोलून गळा कापणारे, यांचं तिला दोनदा सुचवून झालं होतं की तब्येत साथ देत नसेल तर संध्याकाळची शिफ्ट घ्या, सकाळ रेखाकडे द्या. रेखा सांगलीची, तिच्याच हाताखाली शिकलेली, गुणी मुलगी होती. पण आयसीयूचे नमुने सकाळी येतात. मशिनं सकाळी तपासून लावायची असतात, खरं काम सकाळी असतं. ती सकाळ तबस्सुमने नवरा गेल्यानंतर, मुलीला पुण्याला शिकायला ठेवून, एकटीने उभी केली होती. ती सकाळ ती कुणाला देणार नव्हती. हॉस्पिटलला नाही, आणि स्वतःच्या शरीरालाही नाही.

तो जाकीटवाला म्हणजे मोहियुद्दीन सारंग, श्रीवर्धनचा. सौदीतल्याच अबकैकहून नुकताच इथे वाहतुकीचा सुपरवायझर म्हणून आला होता, आणि रस्ते समजेपर्यंत रोज सकाळच्या बसने येत होता. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती, हे त्याने तिसऱ्याच दिवशी स्वतःहून सांगून टाकलं. तिने विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं हे तिने त्याला ऐकवलंही.

जाकीट धरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरमागची खिडकीजवळची जागा तिच्यासाठी रिकामी राहू लागली. डॅशबोर्डवरची ऊदाची डबी नाहीशी झाली. त्या वासाने तिचं पोट ढवळतं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने डोळे वटारून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही चढल्यावर आधी तिच्याकडे बघायचात. तिने तुमचं काही चोरल्यासारखं."

"तुम्ही माझ्याकडे बघत असता?"

"मी बसकडे बघत असतो. तुम्ही बसमध्ये असता... माझा नाइलाज आहे."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. काचेवरच्या दवात तिचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि ते प्रतिबिंब, नालायक, हसत होतं.

मग ती शिकत गेली. उठायच्या आधी, अंथरुणातच, बेकरीतलं कोरडं बटर-बिस्किट खायचं. चहा लॅबमध्ये पोचल्यावर. मानेवर ओला रुमाल. छाती धडधडू लागली की श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा आणि मनाशी म्हणायचं, हे रसायन आहे, बातमी नव्हे. काही सकाळी जमायचं. काही सकाळी सगळं करूनही ती बसमध्ये दात आवळून बसायची, आणि मोहियुद्दीन पुढच्या जागेवरून, मागे न बघता, श्रीवर्धनच्या मासळीवाल्यांच्या भांडणांच्या गोष्टी सांगायचा. मासळीचं नाव काढू नका, असं ती एकदा ओरडली. त्यानंतर त्या गोष्टींतले मासळीवाले सुपारीवाले झाले. भांडणं तीच राहिली.

एका आठवड्यात बसचा मार्ग उलटा फिरला. पूर्वी तिची इमारत सुरुवातीलाच, दुसरी-तिसरी लागायची आणि ती साऱ्या शहराला वळसे घालत पोचायची. आता ती शेवटी चढू लागली. किती वेळ वाचला! तिला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून तिने विचारलं नाही, हे कसं झालं.

उत्तर तिला स्टाफ क्लिनिकमधून बोलावणं आलं तेव्हा मिळालं. तिथल्या नर्सने रक्त घेतलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड असेल, असं समजून तबस्सुम लॅबमध्ये परतली. थोड्या वेळाने रेखा हातात नळी धरून तिच्यासमोर उभी राहिली, रडवेली.

"मॅडम, हे तुमच्या नावाचं आहे. आणि यात... गरोदरपणाची टेस्ट मागितली आहे."

चार माना वर झाल्या आणि पुन्हा घाईने खाली गेल्या.

तबस्सुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विधवा बाई, परका देश, आणि तिची नळी तिच्याच टेबलावर! स्वतःचा नमुना स्वतः लावायचा नाही, हा लॅबमधला नियम तिनेच घातला होता. म्हणून ती म्हणाली, "तू लाव. आधी कंट्रोलच्या नमुन्यावर मशिन तपासून घे." आणि हाताची घडी घालून मशिनसमोर उभी राहिली. निकाल काय येणार हे ठाऊक होतं, दुसरा येणंच शक्य नव्हतं. तरी छाती धडधडत होती! धडधडीला कारण लागत नाही, हे तिला त्या क्षणी नीट कळलं, आणि त्याचाही संताप आला.

निगेटिव्ह.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वैद्यकीय कारण दिल्याशिवाय बसचा मार्ग बदलत नाही. कारण दिलं की ते आपोआप स्टाफ क्लिनिककडे जातं. मोहियुद्दीनने लिहिलं होतं, महिला कर्मचारी, रोज सकाळी उलट्या. पुढचा हिशेब क्लिनिकने स्वतःच केला होता.

सुटी झाल्यावर तो बसच्या सावलीत उभा सापडला.

"मला विचारलं होतंत?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा चढत नसे, बारीक आणि धारदार होत असे. "जाकीट धरताना विचारलं नाहीत. मार्ग फिरवताना विचारलं नाहीत. आज माझ्या हाताखालच्या पोरीसमोर माझी लाज निघाली. वहाबसाहेबांना माझी सकाळ काढून घ्यायला आयतं कोलीत मिळालं. तुम्हाला वाटलं असेल, केवढं चांगलं काम केलं."

"वाटलं होतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "विचारायला पाहिजे होतं. मी येतो वहाबसाहेबांकडे, सांगतो—"

"तुम्ही काहीच सांगायचं नाही. माझं मी सांगेन."

आणि तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत, पोटात ढवळत असताना, सगळ्यांसमोर. माझी पाळी जाते आहे. सकाळी मळमळतं आणि जीव घाबरतो. हा काळ निघून जातो. यात माझा एकही रिपोर्ट चुकलेला नाही, चुकला असेल तर आत्ता दाखवा. डॉक्टर वहाब पेनची उघडझाप करत म्हणाले की आम्हाला फक्त तुमची काळजी होती. "मग टेबलाशी एक खुर्ची द्या," ती म्हणाली. "शिफ्ट राहू द्या." मग रेखा म्हणाली, मॅडमची सकाळ मला नको. खुर्ची आली. सकाळ राहिली.

मोहियुद्दीन त्या दिवसापासून बसमध्ये मागे बसू लागला. गप्प. आठवडाभर तिने ते सोसलं. खिडकीत बसून मळमळ दाबताना सुपारीवाल्यांची भांडणं आठवायची आणि पुढचं ऐकू यायचं नाही. याचासुद्धा राग यावा, म्हणजे कमाल झाली! शेवटी एका संध्याकाळी तिनेच त्याला समुद्राकाठच्या बाकांपाशी गाठलं.

"बोलणं का बंद केलंत?"

"विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं ठरवलंय. आणि जे विचारायचंय ते विचारायची..." त्याने बाकावरची वाळू हाताने झटकली. "हिंमत होत नाही."

वारा खारट होता. तिचं पोट शांत होतं, डोकं शांत होतं. या वेळी ती कुणालाही आवडली असती, हे तिला माहीत होतं.

"आत्ता विचारू नका," ती म्हणाली. "संध्याकाळची मी गोड असते. तुम्हाला हवी असेन तर सकाळची हवी असायला पाहिजे. सकाळी विचारा."

"सकाळी तुम्ही चिडलेल्या असता."

"म्हणूनच."

सकाळी तो बसने आला नाही. बस यायच्या आधीच तिच्या इमारतीखाली येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. ती जिना उतरून आली ती भिंत धरत. केस विस्कटलेले, ओठ पांढरे. बटर खाऊनही त्या दिवशी काही जमलं नव्हतं.

"तबस्सुम," तो म्हणाला. मॅडम नाही. "माझ्याशी निकाह कराल?"

तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर उत्तराऐवजी दुसरंच काही आलं असतं. तिने हात वर करून त्याला थांबवलं, झपाझप कोपऱ्यातल्या झाडापाशी गेली आणि वाकली. तो जागचा हलला नाही. फक्त म्हणाला, "येऊ का?" तिने होकारार्थी मान हलवली. तेव्हा तो जवळ गेला, आणि ती चूळ भरेपर्यंत पाण्याची बाटली धरून उभा राहिला. वळणावर बसचे दिवे दिसू लागले.

"राग आला असेल तर..."

"आलाय," ती ओठ पुसत म्हणाली. "हो."

"हो म्हणजे राग, की..."

"दोन्ही," तबस्सुम म्हणाली. "आता चढा गाडीत, आणि पुढे बसा. लोकांना उशीर होतोय."