पिवळ्या डोळ्याची गाडी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मी कुणाच्या विनवण्या करत बसत नाही. शाळेत मी फार दिवस गेले नाही, पण डोळे देवाने चांगले दिलेत आणि जीभ त्याहून चांगली.

घडलं ते माझ्या पाठच्या बहिणीच्या, ओर्फेलिनाच्या बाबतीत. चिलीतल्या चिलोएजवळच्या आमच्या केउमा बेटावर. जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे ऐन थंडीत, संध्याकाळच्या शेवटच्या फेरीबोटीवर.

तिची लेक नायादेत बाळंतपणात अडली होती. बेटावर डॉक्टर नाही, इस्पितळ पाण्यापलीकडे. म्हणून ओर्फेलिनाच्या नवऱ्याने, गुमेर्सिंदोने, पोरीला जुन्या व्हॅनमध्ये निजवलं आणि व्हॅन बोटीवर चढवली. त्या व्हॅनचा डावा दिवा पिवळा. सगळं बेट तिला ‘कावीळवाली’ म्हणायचं.

बोट सुटली. धुकं असं की हाताशी उभं माणूस पुसट दिसावं.

अर्ध्या वाटेत, मागे केउमाच्या धक्क्यावर...

दिवे लुकलुकले.

एकदा. दोनदा. तीनदा.

हा आमच्याकडे आजाऱ्याचा इशारा. गाडीचे दिवे तीनदा मारले की बोट वळलीच पाहिजे, मग बोटीवर बिशप असो की डुकरं. या इशाऱ्याची थट्टा आमची वांड पोरंसुद्धा करत नाहीत.

तांडेल एव्हारिस्तोने सुकाणू फिरवलं.

“अरे मेल्या, माझी पोर मरतेय आत!” ओर्फेलिना ओरडली.

“वहिनी, तिथेही कुणाचं तरी माणूस असेल. उद्या तू दिवे मारशील, तेव्हा मी पाठ फिरवून जाऊ?”

ओर्फेलिनाने व्हॅनच्या काचेतून पोरीकडे पाहिलं.

बोट धक्क्याला लागली. फळी खाली आली.

कुणीच नव्हतं.

गाडी नाही. माणूस नाही. बोट दिसली की भुंकणारं कुत्रंही नाही.

पुन्हा निघाले. नायादेतचं कण्हणं बारीक होत चाललं होतं. आणि पुन्हा अर्ध्या वाटेत...

तीनदा.

या वेळी धुकं जरासं फाटलं. त्या दोन दिव्यांतला डावा पिवळा होता.

“ती... ती आपली गाडी आहे,” गुमेर्सिंदो पुटपुटला.

“मग हे काय आहे, घोडा?” ओर्फेलिनाने शेजारच्या व्हॅनवर थाप मारली. व्हॅन तिथेच होती. दिवे बंद. मग ती तांडेलाकडे वळली. “आता वळलास तर तुझे हात चावून काढीन. ते माझ्या पोरीला न्यायला आलंय!”

एव्हारिस्तोने छातीवर क्रूस केला. वळला नाही.

मागून हॉर्न वाजला. लांब... थांबेचना. मग धुक्याने तोही गिळला.

नायादेत वाचली. मुलगी झाली. आणि बेटावर ठरून गेलं, पिवळ्या डोळ्याची गाडी बोलावते तेव्हा बघायचं नाही.

पुढच्या जूनमध्ये पलीकडे नायादेतच्या घरी नातीचा पहिला वाढदिवस होता. ओर्फेलिना मिल्काव, आमच्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या, भाजून, टोपलीत घेऊन, पायीच धक्क्यावर निघाली. मेंढ्यांसाठी गुमेर्सिंदो मागे राहिला.

“केक आण गं. वाटेत तुझ्या बहिणीच्या तोंडात घालू नकोस,” तो दारातून म्हणाला. माझ्यावर बोलल्याशिवाय त्याला त्याचा माते, आमचा पाल्याचा कडू चहा, गोड लागायचा नाही.

शेवटचीच बोट. तेच धुकं. अर्ध्या वाटेत...

तीनदा. डावा पिवळा.

एव्हारिस्तोचा हात सुकाणूवर थांबला. “वहिनी, गुमेर्सिंदो घरीच आहे ना?”

“चुलीपाशी पाय पसरून बसलाय, ठणठणीत. तेच आहे ते. बघू नकोस.”

दिवे मारतच राहिले. तीनदा. पुन्हा तीनदा.

मग हॉर्न. लांब... थांबेचना.

ओर्फेलिनाने टोपली घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

सकाळची पहिली बोट केउमाला लागली, तेव्हा धक्क्यावर कावीळवाली उभी होती. बॅटरी संपलेली. आत गुमेर्सिंदो. एक मूठ छातीवर आवळलेली, कपाळ हॉर्नवर टेकलेलं.

व्हॅन आम्ही तोडून भंगारात घातली. तेव्हापासून एव्हारिस्तो प्रत्येक इशाऱ्याला वळतो. धुकं असलं की ओर्फेलिना शेवटच्या बोटीवर असतेच. इशारा दिसून बोट वळली की फळी पडताच तीच आधी उतरते, रिकाम्या धक्क्यावर उभी राहते आणि म्हणते, “आले रे, आले.”

पण गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. बसली नाही. चहासुद्धा नको म्हणाली.

“ताई, काल पुन्हा दिवे दिसले. वळलो, तर कुणी नाही.” ती माझ्याकडे बघेना. “पिवळा नव्हता गं. दोन्ही पांढरे. उजवा जरा आभाळाकडे बघणारा.”

तसा दिवा बेटावर एकाच गाडीला आहे. माझ्या थोरल्या मुलाच्या. आणि कावीळवालीही वर्षभर आधीच दिसली होती.

त्याला सांगितलं, तर हसला. “आई, म्हातारपणी तुलाही मावशीची लागण झाली!”

त्याच्या गाडीची किल्ली काढून मी माझ्या एप्रनच्या खिशात ठेवलीय. रात्री उशाखाली घेते. पण झोप नाही.

किल्ली माझ्याकडे राहिली, तर वेळ आल्यावर तो धक्क्यापर्यंत पोचणार कसा?

आणि परत दिली तर...