अगायच्या वाट्याचा वास

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझी नणंद कनिशाय इथे बिश्केकला एम.एस्सी.च्या मुलांना मेंदूची रचना शिकवते. भुताखेतांना ती कधीच भीक घालत नसे. हे तिच्याच वर्गात घडलं.

गेल्या जानेवारीतला गुरुवार. भरदुपार. बाहेर बर्फ.

टेबलावर अकमात अगायचा मेंदू होता.

अगाय म्हणजे सर; ते तिचे गुरू. आयुष्यभर याच खोलीत शिकवलं आणि जाताना मेंदू याच वर्गाला देऊन गेले. बाकीचा देह गावच्या मातीत गेला. त्यांची बायको बुरमाकान तेव्हापासून कनिशायशी बोलत नव्हती.

"उलटा करा," कनिशाय म्हणाली. "पुढे, खालच्या बाजूला दोन खाचा आहेत. तिथे वासाचे कंद असतात. मेंदू काढताना घाई केली की ते कवटीतच राहतात."

"एजे, यांचे राहिलेत," नुरिला ही विद्यार्थिनी म्हणाली. बाईंना आमच्याकडे एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"हो ना. अगाय असते तर काढणाऱ्याला मागच्या बाकावर बसवलं असतं!"

पोरं हसली.

आणि एकदम एकमेकांकडे बघायला लागली...

फॉर्मलिनचा वास येईना.

डोळे झोंबत होते. घसा खवखवत होता. पण वास... नाहीच. एलदारने खिशातली संत्र्याची साल हुंगली. तिलाही नाही.

"सर्दी असेल रे," कनिशाय म्हणाली.

"सगळ्यांना एकदम, एजे?"

तेवढ्यात आवाज आला... कुणीतरी लांब श्वास आत ओढल्याचा.

सोडल्याचा मात्र आला नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. इतर वारी काही नाही.

तेव्हा कनिशायच्या लक्षात आलं. गुरुवारी आम्हा किर्गिझांकडे घरोघरी बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळतात. तळणीचा वास मेलेल्यांपर्यंत जातो, त्यावरच त्यांचं पोट भरतं.

ती तडक बुरमाकानकडे गेली.

"एजे, अगायसाठी तळता ना?"

"कुणासाठी? अर्धा मातीत, अर्धा तुझ्या बरणीत! वास धाडू कुठे, सांग की!"

"ते उपाशी आहेत हो..." कनिशायला रडूच फुटलं.

 म्हातारी उठली आणि परातीत पीठ घेतलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी वर्गाच्या दाराशी शेगडी लागली. तेल कडकडलं. बोरसोक टम्म फुगले, लाल झाले. धूर निघाला.

वास... कुणालाच नाही.

बुरमाकानने कढईवर तोंड नेलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"सगळा ओढला मेल्याने! माझ्यासाठी कणभर ठेवला नाही. जिवंतपणीही असाच हावरा होता..."

आणि दाराची चौकट धरून ती हमसाहमशी रडली.

तेव्हा तो श्वास सुटला... हळू, तृप्त. सगळ्यांनी ऐकला. मागोमाग फॉर्मलिनचा भपकारा आला.

वर्गात नंतर काही झालं नाही. पण कनिशायला आणि बुरमाकानला तळणीचा वास पुन्हा कधी आला नाही. आणि अगायचे वासाचे कंद तर गावच्या मातीत होते. मग इथे वास घेतला तो कशाने? मेंदू शिकवणाऱ्या बाईला अजून सांगता येत नाही.

दर गुरुवारी कनिशाय आमच्या घरी अगायच्या नावाने तळते. कढईपाशी मला विचारते, "वहिनी, येतोय गं वास?"

"येतोय," मी म्हणते.

परवाच्या गुरुवारीही तिने विचारलं. मी कढईवर वाकले...

"येतोय," मी म्हटलं.

मला आला नव्हता.