मुखपृष्ठ दुसऱ्या बाजूला

देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. पुस्तक परत करताना शेवटच्या पानाला डकवलेल्या कागदावर दोन ओळी अभिप्राय लिहायचा, खाली नाव आणि तारीख. नुसतं 'छान आहे' चालत नाही. छान तर पोहेही असतात.

माझे स्वतःचे अभिप्राय दोन ओळींत मावत नाहीत, कारण मला राग फार येतो. मी चित्रकथा वाचते. जपानी मांगा, आणि ग्राफिक नॉव्हेल म्हणून मिळतात ती जाडजूड पुस्तकं. लेक किमया पुण्याहून पाठवते. माझं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी मी याच पुस्तकांतून, मांडीवर डिक्शनरी ठेवून शिकले. त्यामुळे बँकेत इंग्रजीत बोलता येणार नाही, पण कोणाला तलवारीच्या द्वंद्वाला बोलवायचं झालं तर मी तयार आहे.

या वर्षातला राग थोडक्यात सांगते. तीन मांगांत पहिल्याच प्रकरणात आईला मारून टाकलंय, का, तर मुलगा हिंडायला मोकळा. एका बक्षीस मिळालेल्या ग्राफिक नॉव्हेलमध्ये चाळीस पानं नुसता करडा चौकोन, आणि त्याला म्हणे दुःख म्हणायचं. मी लिहिलं, दुःखातही माणूस चहा टाकतो, तो दाखवा. स्वयंपाकाच्या एका सुरेख मालिकेचं भाषांतर अकराव्या भागावर बंद पाडलं, पातेलं तसंच चुलीवर ठेवून. आणि आमच्या कार्यकारिणीने ही सगळी पुस्तकं बालविभागात नेऊन ठेवली, रंगवायच्या वह्यांशेजारी. आमचे हे, शरद, म्हणाले, "तिथे धूळ कमी असते गं." सदतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला जगात धूळच दिसते.

या सगळ्यांत मनापासून आवडलेलं पुस्तक एकच. मराठीत सांगायचं तर 'वर येताना'. एक लहान मुलगी कोरड्या विहिरीच्या तळाशी जागी होते आणि एक्केचाळीस पायऱ्या चढून घरी येते. एवढंच. शब्द जवळजवळ नाहीत. शेवटच्या पानावर ती दारात गवताच्या चपला काढते आणि त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून शेजारी शेजारी ठेवते. जपानात तशी रीत असते. आतून आई विचारते, "आलीस?" मी अभिप्रायात लिहिलं होतं, मधलं पानभर चित्र बघा, मुलगी बरोबर एकविसाव्या पायरीवर आहे, वीस खाली, वीस वर; असं मोजून काढणाऱ्या हाताला मी मानते.

मेच्या उन्हात पुस्तकाचा गोंद सुटला. मंडळाची पुस्तकं बांधायला धारला जातात, उमाशंकरकाकांकडे. काका निवृत्त ड्रॉइंगमास्तर. घराण्यात संस्थानच्या काळापासून पोथ्या बांधायचं काम. त्यांची दोऱ्याची शिलाई बोट फिरवून बघावी अशी. दोन आठवड्यांनी पुस्तक आलं, शिलाई तशीच देखणी होती, पण उघडून पाहिलं तर पुस्तकच उलटं झालं होतं.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण ज्याला मागची बाजू म्हणतो तिथून ते सुरू होतं. काकांनी मुखपृष्ठ सोडवून दुसऱ्या बाजूला लावलं होतं. कडा कापून सारख्या केल्या होत्या, त्यात पानांचे आकडे गेले होते. अशा पुस्तकांत आपल्या बाजूच्या पहिल्याच पानावर एक सूचना छापलेली असते, की थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करत आहात. ते पानही कुठे नव्हतं. अभिप्रायाचा कागद आता कथेच्या आधी आला होता.

मी फोन लावला. काका अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "अहो बाई, छापणाऱ्याने वेष्टन उलटं लावलं होतं. मी सुलटं केलं." मी जपानची रीत सांगितली. असेल, म्हणाले, पण आपण पोथी आपल्याच बाजूने उघडतो. वर असंही सांगितलं की चिऊने वाचलंसुद्धा, तिला काही अडचण आली नाही.

चिऊ त्यांची नात, आठ वर्षांची. हिंदी शाळेत जाते, मराठी अक्षर दिसलं की जांभई देते, चित्रं मात्र अधाशासारखी बघते. मंडळाचा नियम तिने पाळला होता. कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'लडकी घरातून निघते. कोणी आवाज नाही देत. फिर खाली खाली जाते. मला आवडली.'

तक्रारीचे मुद्दे काढायचे म्हणून मी ते पुस्तक उलट्या बाजूने वाचायला घेतलं. मुद्दे निघेनात. चांगली कथा उलटी वाचली की मोडली पाहिजे. ही मोडत नव्हती. आई आतून "आलीस?" म्हणते, कोणी उत्तर देत नाही, मुलगी चपला पायात घालते आणि विहिरीकडे जाते. एकेक पायरी उतरते. तळाशी जाऊन आडवी होते आणि डोळे मिटते. एकही चित्र अडलं नाही. याचा मला काकांपेक्षा जास्त राग आला.

मधल्या चित्रापाशी सवयीने पायऱ्या मोजल्या. खाली सतरा होत्या.

मी स्वेटर विणते. टाके मोजताना मी चुकत नाही. पुन्हा मोजल्या. सतरा.

किमयाकडे हे पुस्तक फोनमध्ये आहे. तिने त्या पानाचा फोटो पाठवला, त्यात वीस होत्या. ती म्हणाली, आई, छपाई वेगळी असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा पान उघडलं आणि यांना बोलावलं. यांनी चष्मा पुसला, पेन्सिलीचं टोक ठेवून एकेक पायरी मोजली आणि म्हणाले, "पंधरा. मग? कालही पंधराच असतील."

त्याच संध्याकाळी धारहून विनोदिनीचा फोन आला. विनोदिनी म्हणजे चिऊची आई, काकांची सून. नवरा अंबरीश बागलीला नोकरीला, शनिवारी येतो, म्हणून ती माझ्यापाशी मन मोकळं करते. आधी मंडळाच्या कार्यक्रमाचं बोलली. मग म्हणाली, चिऊ हल्ली घरात चपला काढत नाही. स्वयंपाकघरात, देवघरात, अंथरुणातसुद्धा. उजव्या चपलेचा पट्टा तुटलाय, तिथे सेफ्टी पिन लावून घालते, नवी घेऊ म्हटलं तर नको म्हणते. आणि त्या चपला ओल्या असतात. काकांच्या परसात पायऱ्यांची जुनी विहीर आहे, तिकडे तिला बावडी म्हणतात.

"परसातल्या बावडीवर जाळी आहे ना?" मी विचारलं.

"आहे हो ताई. कुलूप आहे. किल्ली मामंजींच्या जानव्याला असते. आणि बावडीत पाणी कुठंय आता?"

मी चिऊला फोन द्यायला सांगितलं. काय करतेस विचारलं, तर आधी नुसता श्वास ऐकू आला.

"मावशी, बस बारा बचे," ती म्हणाली. आवाजात शाळा सुटायच्या वेळचा आनंद होता.

पुस्तक शेजारीच होतं. मी पान उघडलं. खाली बारा पायऱ्या होत्या.

सकाळच्या पहिल्या बसने मी निघाले. इंदूरला गंगवाल बसस्टँडवर बस बदलताना पुस्तक पिशवीतून काढलं, मोजलं आणि परत ठेवलं. आठ. धारच्या बसमध्ये शेजारच्या बाईने शेंगदाणे पुढे केले, ते मी हातात धरून बसले. उतरताना ते हातातच होते.

काका ओटीवर दाबयंत्रापाशी बसले होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता होतं तसं करा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पायऱ्यांचं मी सांगितलं, चपलांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वेड्या माणसाचं ऐकतात तसं.

"चाळीस वर्षांत माझं बांधलेलं कोणी उसवलेलं नाही, सुरेखाबाई."

"मग आज बघा," मी म्हटलं.

त्यांचंच ओलं फडकं उचललं, मुखपृष्ठावर दाबून धरलं आणि खळ सुटायची वाट पाहिली. काका उठून उभे राहिले, पण परक्या बाईचा हात कसा धरणार? म्हाताऱ्यांच्या सोवळ्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. पुठ्ठा सुटला. त्याच्या आत, अस्तर म्हणून चिकटवलेलं ते सूचनेचं पान होतं. थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करत आहात.

"कोरा भाग बराच होता," काका म्हणाले. "वाया कशाला घालवायचा?"

मला ओरडायचं होतं. पण मागच्या दारात चिऊ बसलेली दिसली.

परसाकडे तोंड करून बसली होती. पायात चपला. टाचांखालची फरशी ओली. तिच्यापुढे जाळी, जाळीला कुलूप, आणि अंगणभर कडकडीत ऊन.

मी तिच्याजवळ बसले. तिने पुस्तकाकडे पाहिलं आणि मान हलवली. उलटं आहे, म्हणाली. मी म्हटलं, असू दे, आज मावशीचं ऐक. तिचं बोट धरून विहिरीच्या तळाच्या चित्रावर ठेवलं. बोट गार होतं.

उजवीकडून पहिलं पान. मुलगी डोळे उघडते.

दुसरं. तिसरं. चिऊ हळूहळू मोजायला लागली. आधी हिंदीत, मग मराठीत.

मधलं चित्र आलं. मी मोजलं. खाली वीस.

विनोदिनी कणकेच्या हातांनी येऊन मागे उभी राहिली होती. मी तिला म्हटलं, शेवटच्या पानावर आई बोलते ते तू म्हण.

चाळीस. एक्केचाळीस.

दार.

"आलीस?" विनोदिनी म्हणाली.

चिऊने वर पाहिलं. तिच्याकडे, मग घराकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"आले," ती म्हणाली, आणि चपला काढल्या.

विनोदिनीने कणकेच्या हातांनीच तिला कवटाळलं. मी त्या वेळी चपलांकडे पाहिलं नाही. मी मुलीच्या तोंडाकडे पाहत होते. याचा राग मला फक्त माझ्यावर काढता येतो.

परतीच्या बसमध्ये मी थोडी रडले आणि पुडीभर शेव खाल्ली. मुखपृष्ठ घरी आल्यावर मीच जागेवर लावलं, वेडंवाकडं.

आठ दिवसांनी विनोदिनीचा फोन आला. इतकी खूश मी तिला कधी ऐकली नव्हती. चिऊ जेवते, झोपते. आणि काय सांगू ताई, मराठी घडाघडा वाचते. मामंजींना रोज पोथी वाचून दाखवते, हिंदीचा एक शब्द मध्ये येत नाही. मामंजी म्हणतात, आमच्या आजीसारखं बोलते. अंबरीश तर थक्क झालाय.

"आणि वळण किती लागलंय! चपला काढते ना, तर टोकं बाहेरच्या बाजूला करून, शेजारी शेजारी ठेवते. नव्या घेतल्या तिला. जुन्या मेल्या कुठे गेल्या, त्या दिवसापासून सापडतच नाहीत."

मी चिऊला फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, बाळा, मी ते पुस्तक घेऊन येते, एकदा आपल्या बाजूने वाचू या, आधी वाचलं होतंस तसं. या वेळी पलीकडून श्वास ऐकू आला नाही.

"नको," ती म्हणाली. "मला आता त्या पुस्तकाचं काम नाही."

विनोदिनीला मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, ताई, मुलगी बरी झालेली तुम्हाला बघवत नाही का? काकांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "तुमच्याच म्हणण्याप्रमाणे सुलटं झालं ना? आता तक्रार कशाची?" कार्यकारिणीने तर लेखी विचारलंय की पुस्तक बालविभागात परत केव्हा येणार. येणार नाही. त्यांना काय करायचं ते करू दे.

ते माझ्या कपाटात आहे. रोज दुपारी मी ते आपल्या बाजूने वाचते, दारापासून तळापर्यंत, मोठ्याने, प्रत्येक पायरी म्हणत. मग उजवीकडून वाचते, आणि शेवटच्या पानावर मीच "आलीस?" म्हणते. मधल्या चित्रात वीस खाली, वीस वर. काही हलत नाही.

तळाचं चित्र मात्र मी आता भिंगाने बघते. मुलगी कुशीवर पडली आहे, तोंड भिंतीकडे. किमयाच्या फोनमधल्या चित्रात तिच्या पायांत गवताच्या चपला आहेत. माझ्या पुस्तकात रबरी आहेत. उजवीचा पट्टा सेफ्टी पिनेने धरलेला आहे.

काल पाहिलं, तर पिनेला गंज चढू लागला होता.