पोवळ्यांची दुपार

"याच्यापेक्षा मोठा दिवा नाही का तुमच्याकडे?" शोभेच्या माशांच्या दुकानात तिनं काउंटरवर हात आपटला. "घरची पोवळी पांढरी पडायला लागलीत. उजेड पुरत नाहीये त्यांना."

वरून कुणीतरी हसलं.

तिनं मान वर केली. शिडीवर एक माणूस, खांद्यावर वायरचं वेटोळं, दातांत स्क्रू. तो स्क्रू काढून म्हणाला, "पोवळी पाळायचीत की भाजायचीत?"

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. दिवा किती वेळ चालू असतो?"

"उजाडल्यापासून आम्ही झोपेपर्यंत."

"मग आणखी काय होणार? तुमच्या डोळ्यांवर कुणी दिवसभर दिवा धरला, तर तुम्हीही पांढऱ्या पडाल." जरा थांबून तो म्हणाला, "आत्ता लाल झालात, ते वेगळं."

बाप तिला ठिणगी म्हणायचा, ते उगाच नाही. एरवी तिनं त्याला शिडीसकट खाली आणला असता. पण गरजवंताला अक्कल नसते आणि तोंडही नसतं. मुकाट्यानं ती त्याला घरी घेऊन आली.

घर कसलं, औषधांच्या वासाची एक खोली. बाप जन्मभर समुद्रात बुड्या मारून जहाजांचे तळ दुरुस्त करायचा. आता त्याला उशीवरून मान उचलायलाही दम लागायचा. समोरच्या भिंतीला खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती, तिच्यात त्याची पोवळी आणि मधोमध पंख्यासारखं पसरलेलं सगळ्यांत मोठं पोवळं, राणी. नखाएवढ्या तुकड्यापासून त्यानं ती वाढवली होती. पोटच्या पोरीला जितकं बोलला नसेल, तितकं तो राणीशी बोलायचा.

"औषधानं ते दिवसभर झोपून असतात," तिनं हळू आवाजात सांगितलं. "संध्याकाळी थोडा वेळ डोळे उघडतात. डोळे उघडले की आधी राणी बघतात. तेव्हा टाकीत अंधार असला तर… म्हणून मी झोपेपर्यंत दिवा मालवतच नाही."

दिवेवाल्याचं हसू मावळलं. टाकीजवळ वाकून त्यानं पाहिलं. गोड बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "हे मेलं. हेही मेलं. राणी आजारी आहे, पण आहे. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ असतं, तेच त्याला भरवतं, रंगही त्याचाच. उजेड फार झाला की पोवळं त्यालाच घराबाहेर काढतं आणि मग उपाशी मरतं."

"माणसांसारखंच की."

"माणसं शिव्या देऊन काढतात. एवढाच फरक."

त्यानं उजेडाचं वेळापत्रक लावून दिलं. आधी मंद निळी पहाट, मग हळूहळू पांढरी दुपार, पुन्हा निळी सांज आणि मग पुरा काळोख. दुपारही अर्ध्याच जोराची, राणी सावरेपर्यंत. "आता ही दुपार रोज पाव तास पुढं सरकवायची. सरकत सरकत ती बाबांच्या संध्याकाळपाशी येईल. पोवळ्याला घड्याळ कळत नाही, पण दगाफटका बरोबर कळतो. घाई करायची नाही."

"हे तर टायमरवर मीही करीन."

"कराल की. पण मी येऊन बघेन."

आणि तो रोज यायला लागला. कधी तारा तपासायला, कधी पाण्याचं खारटपण बघायला. ताकाला जाऊन भांडं लपवायचे हे प्रकार! भिंतीवर पडलेल्या निळ्या उजेडात दोघं शेजारी बसायची. एकदा टायमरवर दोघांची बोटं एकदम गेली… आणि दोघांनाही ती काढून घ्यायचं सुचलं नाही.

"तुमच्या इथं फार वेळ जातो माझा," तो म्हणाला.

"मग येऊ नका."

"जातो म्हणालो. वाया जातो म्हणालो नाही."

पण सुख या घराच्या उंबऱ्यावर फार वेळ टिकेना. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. कुणाला कळवायचं असेल तर कळवून घ्या, एवढंच म्हणाले. पोवळ्यांची दुपार अजून बरीच अलीकडे होती. संध्याकाळी बापानं डोळे उघडले, समोर अंधुक निळं पाणी. "राणी… दिसत नाही गं," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले.

ते शब्द तिच्या काळजात रुतले. दुसऱ्या दिवशी दिवेवाला येऊन गेल्यावर तिनं कुणाला विचारलं नाही. दुपार उचलून थेट संध्याकाळवर आणून ठेवली, आणि उजेड पुरा.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी दिवेवाला आला तेव्हा राणीच्या अंगावरून सालं सुटून पाण्यात तरंगत होती. खाली नुसता पांढरा सांगाडा, उजेडात लखलखणारा. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ दाताखाली धरलेला. तो काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. मेलं.

तेवढ्यात बाप जागा झाला.

"ठिणगे… राणी फुलली का गं?"

तिनं दिवेवाल्याकडे पाहिलं.

"फुललीये, बाबा," दिवेवाला पुढं होऊन म्हणाला. "इतकी फुललेली मी कुठंच पाहिली नाही."

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले.

सकाळी, कधी नव्हे ती, बापाला घटकाभर शुद्ध आली. त्यानं तिला जवळ बसवलं.

"तुझा दिवेवाला खोटं बोलला."

"बाबा…"

"जन्म पाण्यात गेला माझा. मेलेलं पोवळं कळत नाही होय मला?" धाप लागली तरी तो थांबेना. "माझ्यासाठी नाही बोलला तो. तुझा चेहरा बघून बोलला. राणीचं मनाला लावून घेऊ नकोस. मीही चाललोच होतो, तिला सोबत लागत होती. आणि त्याला… चहा तरी विचारत जा. इतके दिवस येतोय बिचारा."

ती रडता रडता हसली. उन्हं चढायच्या आत बाप गेला.

माणसं आली, बसली, गेली. घर रिकामं झालं तेव्हा दिवेवाला आला. बाही वर करून त्यानं टाकीत हात घातला आणि राणीला अलगद बाहेर काढलं. ती टॉवेल घेऊन उभी होती.

"खोटं का बोललात त्या दिवशी?"

"तुम्ही आयुष्यभर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिला असतात. मला ते बघवलं नसतं."

"त्यांना कळलं होतं."

त्याचा हात थांबला. "रागावले?"

"चहा विचार म्हणाले."

पाणी त्याच्या कोपरावरून फरशीवर टपटपत होतं. तिनं टॉवेल त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच त्याचा हात पुसायला लागली. बोटन् बोट, सावकाश.

"आता खरं सांगा. बाकीची जगतील?"

"दोन जातील. बाकीच्यांचं आत्ताच सांगता येत नाही. रोज बघावं लागेल."

"रोज?"

"रोज. आणि तुला पटत असेल तर… जन्मभर."

"खोटं तर बोलत नाही ना?"

"मला ते एकदाच जमलं."

हात कधीच कोरडा झाला होता. तिनं तो सोडला नाही.