वरल्या गल्लीची भेग

"दर दाव मन्हाच वाटाले येस हाई शेन," पाटीत हात घालत प्रमिलाबाई पुटपुटल्या. "बाकीन्या बायास्ना हातले काय मेंदी लागेल शे?"

हातभर अंतरावर उकिडवे बसलेले लीलाधर हसू दाबून उतारावर ठोकलेली मोजणीची खुंटी तपासत राहिले. सरकारी भूगर्भखात्यातला माणूस. पिंपळनेरच्या पलीकडचं हे डोंगरगाव जागेवर ठेवायचं की सपाटीला न्यायचं, ते अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या शब्दावर ठरणार होतं.

त्याआधी वीसेक वर्षांमागे कडा सुटला आणि वरली गल्ली माणसांसकट गाडली गेली. प्रमिलाबाईंचं सासर त्याच गल्लीत. त्या माहेरी गेलेल्या, म्हणून उरल्या. ढिगाऱ्यावर आता गवत माजलं होतं आणि त्याच्याच माथ्यावर ही लांबच लांब भेग पडली होती. बाजाराच्या आदल्या दिवशी गावातल्या बाया ती अंगणासारखी सारवत. बोटांच्या कमानी एकीला एक लागून, इतक्या देखण्या की वर पाय ठेवायचा जीव होऊ नये.

लीलाधरांना या बायांचं मनापासून कौतुक वाटे. भेगेत पाणी शिरलं नाही तर उतार तगतो, इथपर्यंत त्यांचं शास्त्र आणि बायांचं शेण एका मताचं होतं. पुढे मात्र गणित जमेना. माती भुसभुशीत, तिच्याखाली निसरडा चिकण थर, वर बैलाएवढाले धोंडे. हा उतार कधीच खाली यायला हवा होता. पण सबंध पावसाळ्यात एक खुंटी तसूभर हलली नव्हती.

"कमाल आहे," ते म्हणाले. "कुणी खांदा दिल्यासारखा उभा आहे."

सरपंच चुडामण आबांनी घाईने तोंडातली तंबाखू थुंकली. "चहा थंडा व्हई राह्यना, साहेब."

बायांचे हात थांबले होते.

भेग किती खोल गेली ते पाहणं भागच होतं. लीलाधरांनी हातोडी उचलली.

"राहू द्या ना, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"लगेच लिंपून घ्या परत. शेण मी कालवून देतो, मग तर झालं?"

कुणी हसलं नाही.

मागच्या खेपेचं सारवण उन्हाने खडखडीत वाळलं होतं. त्यांनी टोक घालून ते हलकेच उचकटलं. भाकरीएवढी खपली हातात आली. त्यांनी ती सहज उलटी केली.

आतली बाजू ओली होती.

तिच्यावरही बोटांच्या कमानी होत्या. तशाच निगुतीने, एकीला एक लागून. खालून वर दाबत आलेल्या. कडेची बोटं फार लहान होती.

भेगेतून ताज्या शेणाचा गार वास आला.

लीलाधरांनी खपली होती तिथे ठेवली. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशी.

"आबा," ते म्हणाले, "मी आजच कळवतो. गाव खाली न्यायला हवं."

प्रमिलाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि ओल्या बोटांनी खपलीच्या कडा बसवू लागल्या.

"आमले हालाडा, भाऊ," त्या भेगेकडे बघत म्हणाल्या. "पन त्यासले कोन सांगी, आते सोडा म्हनीसन?"